पहिलं बिस्किट चुकणाऱ्याला

आमच्या घरी अजूनही रोज पान फाडायचं कॅलेंडर आहे. मोबाइलच्या काळात ते कशाला, असं येणारा-जाणारा विचारतो. मी सांगतो, तारीख बघायला नाही, मागची बाजू कोरी असते म्हणून. घरात काही मोठं घडायचं असलं की त्या दिवसाच्या पानामागे ज्याने त्याने आपला अंदाज लिहायचा, पाकिटात घालून चिकटवायचा, आणि पाकीट हिच्या साड्यांच्या कपाटात. परवा लेकीची गाडी चालवायची परीक्षा होती. मी लिहिलं, 'पहिल्या फटक्यात पास.' हिने लिहिलं, 'नापास, आणि खापर माझ्यावर.' लेकीने इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत काहीतरी लिहिलं, ते नंतर तिलाही नीट लागलं नाही. लेक नापास झाली. खापर आईवर फुटलं. चुकलो मी, म्हणून पहिलं बिस्किट मला. आमच्याकडे चुकणाऱ्याला पहिलं बिस्किट मिळतं. माझ्या पोटाकडे बघितलंत तर माझ्या अंदाजांचा एकूण दर्जा तुमच्या लक्षात येईल.

ही रीत आमच्या घराण्याची नाही. आमच्या घराण्यात चुकणाऱ्याला दुसरंच काही मिळायचं. ही रीत सरांची.

सर म्हणजे मॅनेजमेंट शिकवणाऱ्या एका संस्थेतले प्रोफेसर. संस्था हैदराबादच्या कडेला, मोठमोठ्या खडकांच्या मधोमध. बाजार नुकता उघडला होता तो काळ. जो तो धास्तावलेला. तीस वर्षं एकच माल एकाच भावाने विकणारे व्यापारी, कारखानदार संस्थेत असे यायचे, जसे लोक ज्योतिष्याकडे पत्रिका घेऊन जातात. आता काय होणार, बाहेरच्या कंपन्या आल्या तर आमचं कसं, माणसं बदलायची की माल? इतर प्रोफेसर पडद्यावर चित्रं दाखवून उत्तरं द्यायचे. आमचे सर म्हणायचे, "मला काय माहीत? लिहून ठेवतो, मग बघू."

मी तिथे सहा-सहा महिन्यांच्या बोलीवर कामाला होतो. हुद्दा 'संशोधन सहायक'. आई चिक्कडपल्लीत शेजारणींना सांगायची, "आमचा प्रोफेसरांच्या हाताखाली आहे." प्रत्यक्षात मी सरांचं घडीचं स्टूल उचलायचो.

ते स्टूल हे आमच्या संशोधनाचं मुख्य हत्यार. सर प्रश्नावली छापू द्यायचे नाहीत. "प्रश्न विचारला मियां, की माणूस उत्तर देतो. मग खरं कसं कळणार?" त्यापेक्षा जाऊन बसायचं. बँकेत, कारखान्यात, दुकानात, एका कोपऱ्यात स्टूल टाकायचं आणि बघायचं. कोण कितीदा उठतो, कोण कुणाला विचारल्याशिवाय सही करत नाही, साहेब आत आले की कुणाची पाठ ताठ होते. पहिले तीन दिवस लोक आपल्याकडे बघतात, चौथ्या दिवशी विसरतात. "चौथ्या दिवसापासून लिहा. आधीचं सगळं नाटक."

सरांचं घराणं निजामाच्या काळापासून हैदराबादेत. मूळ आमच्यासारखंच मराठवाड्यातलं. शाळा मात्र उर्दू माध्यमातली. त्यामुळे बोलायचे मराठी, पण त्यात 'हौ', 'नक्को' आणि 'मियां' ही खडीसाखर. आकडे मोजायचे उर्दूत, टिपणं उर्दूत. बारा महिने सफारी सूट आणि बारा महिने छत्री. सरांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बाईंनी चहा देता देता विचारलं, "तुम्हालाही स्टुलावर बसवतात का हो? मला तर लग्नापासून बघायलेत. अजून चौथा दिवस उजाडला नाही."

आता पाकिटांचं. सरांचं ठाम मत होतं, की माणूस चुकला की पहिलं काम काय करतो, तर 'मला माहीतच होतं' म्हणतो. साधीसुधी माणसं म्हणतात, शिकलेली जरा जास्त जोरात म्हणतात, आणि प्रोफेसर त्यावर पुस्तक लिहितात. त्यावर औषध म्हणून, कुठलीही पाहणी सुरू व्हायच्या दिवशी सगळ्यांनी, टायपिस्ट आणि चपराशासकट, काय निघेल त्याचा अंदाज लिहून बंद करायचा. कागद त्याच दिवसाच्या कॅलेंडरचं पान, म्हणजे तारखेची खातरी. एका दिवसाचं पान एकच असतं आणि लिहिणारे अनेक, म्हणून सर दरवर्षी एका तेलाच्या व्यापाऱ्याकडून एकसारखी बारा कॅलेंडरं आणायचे. तेलुगू, उर्दू, इंग्रजी तारखांची. आमच्या ऑफिसातले चाचा रोज सकाळी आल्यावर बारा कॅलेंडरांची बारा पानं फाडायचे. उरलेली संध्याकाळी समोरच्या पानवाल्याला. कुणी विचारलं तर चाचा म्हणायचे, "अपना काम दिनां फाडने का है साब."

पाकिटं टायपिस्ट लक्ष्मी मॅडमच्या लोखंडी कपाटात. पाहणी संपली की सगळ्यांसमोर ती उघडायची, चहा आणि उस्मानिया बिस्किटांसोबत. जो सगळ्यात जास्त चुकला त्याला पहिलं बिस्किट, शिवाय सरांच्या खुर्चीत बसून आपल्याला तसं का वाटलं होतं ते सांगायचं. "हाच आपला खरा अहवाल," सर म्हणायचे. ज्याचा अंदाज बरोबर निघे त्याला नुसता चहा. "ते काय शिकले? काही नाही. त्यांना बिस्किट कशाला?"

मी नवीन होतो तेव्हा मला हे सगळं थट्टेचं वाटायचं. मग एका दुकानाची पाहणी आली, आणि थट्टा संपली.

सिकंदराबादेत साड्यांचं एक जुनं मोठं दुकान, एका कडेला पुरुषांचे शर्टही. पांढरी गादी, गादीवर मांडी घालून बसलेले गुमास्ते, समोर बसलेली गिऱ्हाइकं, मधे साड्यांचा डोंगर. शेठजींचा मुलगा नुकताच मॅनेजमेंट शिकून आलेला. त्याला गादी काढून काचेची काउंटरं करायची होती, साड्या हँगरला, प्रत्येकीवर किमतीची चिठ्ठी, गुमास्ते टाय लावून उभे. शेठजी म्हणाले, अर्ध्या दुकानात करून बघ. आणि बघायला आम्हाला बोलावलं.

मला ती कल्पना इतकी आवडली म्हणून सांगू. सव्वीस वर्षांचा होतो, आणि सव्विसाव्या वर्षी माणसाला काच फार आवडते. मी पानामागे लिहिलं ते अजून शब्द न् शब्द पाठ आहे. 'गादी उठली की विक्री दुप्पट होईल. आजच्या गिऱ्हाइकाला मांडी घालून बसायची लाज वाटते. अडचण फक्त म्हाताऱ्या गुमास्त्यांची. त्यांना लवकरात लवकर रजा द्यावी.' खाली सही, सहीखाली रेघ. पाकीट कपाटात गेलं.

मग तीन महिने मी स्टुलावर बसलो आणि माझ्या डोळ्यांदेखत माझा अंदाज वितळत गेला. पहिला आठवडा लोक काच बघायला आले. पुढे बायका यायच्या, उभ्याउभ्या चार साड्या बघायच्या आणि शेजारच्या गादीवाल्या भागाकडे सरकायच्या. लग्नाची खरेदी म्हणजे सासू, नणंद, मावशी, कडेवरचं मूल. ती सगळी उभी किती राहणार? गादीवर गुमास्ता बाराव्या साडीलाही म्हणायचा, "अम्मा, लेने की बात छोडो, देखो तो सही." काउंटरमागे उभा राहून, हँगर परत अडकवायचा असल्यावर, पाचव्या साडीलाच त्याचा चेहरा पडायचा. काचेच्या बाजूला विक्री घसरली ती घसरलीच. तेवढे पुरुषांचे शर्ट बरे खपले, कारण पुरुष उभ्यानेच खरेदी करतो आणि पळतो.

दुसरीकडे माझं वेगळंच प्रकरण रंगात होतं. सिकंदराबादेतच रेल्वे क्वार्टर्समधलं एक स्थळ. मुलीचे वडील, अण्णा, पार्सल ऑफिसात हेडक्लार्क. मुलगी मला पसंत होती, मी तिला कसा कोण जाणे पण पसंत होतो. पण अण्णांनी माझ्या आईला स्वच्छ सांगितलं होतं, "मुलगा चांगला आहे हो. पण सहा-सहा महिन्यांची नोकरी म्हणजे वेटिंग लिस्टचं तिकीट. पर्मनंट झाला की कळवा. दसऱ्यापर्यंत थांबतो, मग दुसरं बघीन."

आणि संस्थेत पर्मनंटची एकच जागा निघाली होती. पाकिटं उघडायच्या दिवशी डायरेक्टर साहेब स्वतः येऊन बसणार, कोण किती पाण्यात आहे ते बघणार, असं कळलं. आठवड्याने कमिटी. मला रात्रंदिवस एकच चित्र दिसायला लागलं, की डायरेक्टरांसमोर माझं 'गुमास्त्यांना रजा द्यावी' वाचलं जातंय, आणि मी सरांच्या खुर्चीत बसून बिस्किट चघळतोय.

शुक्रवारी दुपारी चाचा नमाजाला जायचे आणि लक्ष्मी मॅडम डबा घेऊन मैत्रिणीकडे. किल्ली त्यांच्या खणात, हळदीकुंकवाच्या डबीखाली. मी पाकीट काढलं, चहाच्या किटलीच्या वाफेवर धरलं, ते बिचारं विनातक्रार उघडलं. आत दुसरं पान सरकवलं, डिंक लावला, जागच्या जागी ठेवलं. आयुष्यात एवढं नीटनेटकं काम मी त्याआधी केलं नव्हतं, नंतरही नाही. ही म्हणते, "तेवढं लक्ष देऊन कधी डाळ फोडणीला घातली असतीत तर."

आता दुसरं पान कुठून आणलं? त्या तारखेची ऑफिसातली पानं कधीच पानवाल्याकडून लोकांच्या तोंडात गेली होती. पण आमच्या घरीही रोज पान फाडायचं कॅलेंडर होतं. नांदेडचा मामा दरवर्षी पाठवायचा. आई त्याचं एकही पान टाकायची नाही. सगळी तारेला टोचून ठेवायची, वाणसामानाची यादी लिहायला. तारेवरून मी बरोबर त्या तारखेचं पान काढलं. आकार जवळपास तोच, कागद तसाच पिवळट, मागची बाजू कोरी. सर नेहमी मागचीच बाजू वाचायचे. पुढची कोण बघतंय?

आणि लिहिलं तेही असं, की देवालाही न्यूनगंड यावा. 'पहिला आठवडा विक्री वाढेल, मग घसरेल. बायकांना बसायला जागा लागेल. शर्ट मात्र खपतील.'

पाकिटं उघडायचा दिवस आला. सरांच्या खोलीत डायरेक्टर साहेब, शेठजी, त्यांचा मुलगा, आणि सरांनी मुद्दाम बोलावलेला एक गुमास्ता, राजय्या. साठीचा, बुटका, त्याने चपला दाराबाहेर काढल्या होत्या. त्याचंही पाकीट होतं. ते तेलुगूत, म्हणून लक्ष्मी मॅडमनी वाचलं आणि हिंदीत सांगितलं. "ये बोलता, काच जीतेगा. लोगां को चमक होना. मेरा काम जाता. बेटे को बोल दिया, दूसरा दुकान देख ले."

मग राजय्याच आधी हसला. "गलत हो गया साब!" म्हणाला, आणि असा खुलला की शेठजीही हसायला लागले. कारण आदल्याच दिवशी शेठजींनी काउंटरं उचलून गादी परत घालायला सांगितली होती. पहिलं बिस्किट राजय्याला. सरांच्या खुर्चीत टेकून, पाय अधांतरी, त्याने त्याला काच जिंकेल असं का वाटलं ते सांगितलं. "तीस बरस से बिठा के बेच रहा था साब. सोचा, लोगां थक गए होंगे मेरे से." तेवढं वाक्य सरांनी उर्दूत टिपून घेतलं.

सरांचं पाकीट चाचांनी वाचलं. सरांनी लिहिलं होतं, की गुमास्ते दोन दिवसांत कुठूनतरी स्टुलं आणून काउंटरमागे बसतील. तेही चूक. बिचारे पाय सुजेपर्यंत उभे होते. "माणूस हुकूम किती पाळतो, याचा मला अंदाजच आला नाही," म्हणत सरांनी दुसरं बिस्किट उचललं.

मग माझं. मराठीत होतं, म्हणजे वाचणार सरच. त्यांनी मागची बाजू वाचली, डायरेक्टरांसाठी इंग्रजीत सांगितली. डायरेक्टरांच्या भुवया वर गेल्या. "फार तीक्ष्ण नजर आहे," ते म्हणाले. शेठजींचा मुलगा माझ्याकडे आदराने बघायला लागला. आणि सरांनी, पान पाकिटात परत घालता घालता, ते उलटं केलं.

पुढच्या बाजूला काय होतं ते मला त्या क्षणी आठवलं. गणपतीचं छोटं चित्र, आणि ठळक मराठी अक्षरांत: अंगारकी संकष्टी चतुर्थी. चंद्रोदय रात्री नऊ वाजून काही मिनिटांनी.

सर नुसतं "हं" म्हणाले. पान पाकिटात न घालता सफारीच्या वरच्या खिशात ठेवलं. "एकदम बरोबर," ते सगळ्यांना म्हणाले. "यांना नुसता चहा."

तो चहा मी कसा प्यायलो ते मलाच माहीत.

पुढचे पाच दिवस सर काही बोलले नाहीत. खिशातून पानाचा पिवळा कोपरा मात्र रोज दिसायचा. सफारी बदलली तरी पान नव्या खिशात. एकदा व्हरांड्यात विचारलं, "आई बऱ्या आहेत? चतुर्थी करतात ना त्या?" मी म्हटलं, "हौ सर." एरवी मी कधी 'हौ' म्हणत नाही.

कमिटीच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी बोलावलं. पान टेबलावर ठेवलं. "हे तुमच्या घरचं. आईंना परत द्या. माझी आईसुद्धा अशीच तारेला लावायची, एक कमी झालं तर तिला कळायचं." मग म्हणाले, "आणि आमचं कुठंय?"

ते माझ्या पाकिटात होतं, पैशांच्या पाकिटात, चार घड्या घातलेलं. का फाडून टाकलं नव्हतं, सांगता येणार नाही. मी काढून दिलं. ते वाचायला लागले. 'रजा द्यावी'पर्यंत आले आणि हसायला लागले. इतके, की चष्मा काढून डोळे पुसले.

"अहो मियां! एवढी सुंदर चूक! 'मांडी घालून बसायची लाज वाटते'! राजय्यापेक्षा मोठी, माझ्यापेक्षा तर किती मोठी! पहिलं बिस्किट तुमचं होतं. आणि तुम्ही ते लपवून हे," त्यांनी अंगारकीचं पान बोटाने सरकवलं, "हे शेंबडं बरोबर आणलंत?"

मी सगळं सांगितलं. अण्णा, दसरा, वेटिंग लिस्ट. रडलो नाही असं मी लेकीला सांगतो.

सर बराच वेळ छत्रीची मूठ फिरवत राहिले. मग म्हणाले, "उद्या कमिटीत मी काही बोलणार नाही. मला विचारलं तर सांगेन, यांनाच विचारा. दोन्ही पानं तुमची आहेत. कुठलं न्यायचं, तुम्ही बघा."

घरी येऊन मी आईला विचारलं, "आई, नोकरी महत्त्वाची की..." ती तारेवरची पानं चाळत होती. म्हणाली, "ते राहू दे. अंगारकीचं पान कुठं गेलं रे?"

दुसऱ्या दिवशी मी कमिटीपुढे दोन्ही पानं ठेवली. अंगारकीचं पुढून, दुसरं मागून. डायरेक्टरांनी विचारलं, "यातलं तुमचं कुठलं?" मी म्हटलं, "लिहिलेली दोन्ही मीच, पाकीट बदललं तेही मीच. पण मला वाटलं होतं ते हे." आणि गुमास्त्यांना रजा देणारं पान पुढे केलं. ते वाचायला कमिटीला सरांची मदत घ्यावी लागली. सरांनी एक अक्षर कमी-जास्त केलं नाही.

तुम्हाला वाटेल, माझ्या प्रामाणिकपणावर खूश होऊन त्यांनी जागा दिली. मलाही आत जाताना मनात कुठेतरी तसंच वाटलं होतं. तो माझा त्या चार महिन्यांतला दुसरा चुकलेला अंदाज. डायरेक्टर म्हणाले, संशोधनात हे बसत नाही, कबूल केलंत म्हणून काढत नाही. जागेची जाहिरात नव्याने. मला पुन्हा सहा महिने. वेटिंग लिस्ट.

व्हरांड्यात सर उभे होते. खिशातून कागदाची पुडी काढली. आत एक उस्मानिया बिस्किट, खिशात राहून थोडं चुरलेलं. "हे तुमचं राहिलं होतं," म्हणाले. मी उभ्याउभ्या खाल्लं. आजही ते बिस्किट तोंडात टाकलं की पहिल्यांदा त्या व्हरांड्याची चव येते, मग लोण्याची.

मग म्हणाले, "रविवारी त्या पार्सलवाल्यांकडे किती वाजता जाऊ या?"

"तुम्ही? कशाला सर? ते नाहीच म्हणणार."

"असा अंदाज आहे ना? लिहून ठेवा."

रविवारी ते सिकंदराबादला आले, सफारी, छत्री, आणि खिशात त्या दिवसाची कॅलेंडरची पानं घेऊन. स्टूल नव्हतं एवढंच. अण्णा बनियनवर दारात आले, साहेबासारखा माणूस बघून आत जाऊन सदरा घालून आले. मी जे घडलं ते सांगितलं, वाफेवर धरलेल्या पाकिटासकट. आतल्या खोलीत बांगड्या वाजायच्या थांबल्या. अण्णांनी सरांना विचारलं, "तुम्ही यांचे साहेब? मग तुमचं काय मत?"

"मत नाही," सर म्हणाले. "तुम्ही लिहा. हा जावई कसा निघेल, आज काय वाटतं ते. मीही माझं लिहून आणलंय. दहा वर्षांनी उघडू."

"दहा वर्षांनी? म्हणजे लग्न झालंच असं धरून?"

"नाही झालं तरी उघडू. तेव्हा तर जास्त मजा येईल."

अण्णांनी पान हातात घेतलं. पार्सल ऑफिसातल्या माणसाला सीलबंद गोष्टींबद्दल आदर असतो. त्यांनी कानामात्रेसह बराच वेळ लिहिलं, जीभ लावून पाकीट बंद केलं, सरांच्या हातात दिलं. मग आत वळून म्हणाले, "अगं, चहा ठेव. आणि मुलीला बाहेर बोलाव."

दसऱ्यानंतर लग्न झालं. मी पर्मनंट झालो तेव्हा लेक बोलायला लागली होती. मधली वर्षं हिने एका शाळेत शिकवून घर ओढलं आणि मी स्टूल. सरांकडे मी एकंदर सात वर्षं काढली. असंख्य वेळा चुकलो, एकदाही पाकीट बदललं नाही. आता मी शिकवतो. पोरं फार हुशार आहेत, उत्तरं त्यांना आधीच माहीत असतात. मी त्यांच्याकडून पानं लिहून घेतो. सुरुवातीला हसतात.

सर निवृत्त झाले, आणि पुढे दोन वर्षांत गेले. लक्ष्मी मॅडम निवृत्त होताना कपाट रिकामं करायला लागल्या तेव्हा त्यांनी मला दोन पाकिटं आणून दिली. "बाबू, ये तुम्हारे शादी के हैं. किल्ली अब भी उसी डिब्बी के नीचे थी, पता है?" म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

दहा वर्षं झाली त्या रविवारी आम्ही बसलो. ही, लेक, अण्णा. सरांचं पाकीट उर्दूत असणार, म्हणून मी अंबरपेठेत जाऊन चाचांना रिक्षाने घेऊन आलो. मधे बशीत बिस्किटं.

आधी अण्णांचं उघडलं. रेल्वेच्या फॉर्मवर लिहितात तसं वळणदार अक्षर. 'मुलगा खरं बोलतो, पण नोकरीत टिकणार नाही. वर्षभरात मुलीला आणून सोडील. तरी देतो आहे, कारण स्वतःची चूक सांगायला साहेबाला बरोबर घेऊन येणारा मनुष्य मी पाहिलेला नाही.'

"मी साहेबांना आणलं नव्हतं, तेच आले होते," मी म्हणालो.

"ते मला आता सांगतोस?" अण्णा म्हणाले. पण चूक ती चूक. आम्ही बशी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी हात पुढे केला, तेवढ्यात चाचा म्हणाले, "ठहरो साब, अभी हमारे साब का बाकी है."

चाचांनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, मग परत जवळ नेलं.

"लिखते हैं, 'नइं मानते, पक्का. लडकी का बाप मैं होता तो मैं भी नइं मानता. फिर भी जातूं. लडका अकेला जाए तो अच्छा नइं लगता.'"

मी दहा वर्षं समजत होतो, की सरांना माणसं कळतात, अण्णा हो म्हणतील हे त्यांनी हेरलं होतं, म्हणूनच इतक्या खात्रीने आले. ते तर मी हरणार हे लिहूनच घरून निघाले होते. छत्री घेऊन, इस्त्री केलेला सफारी घालून.

"म्हणजे सगळ्यात जास्त चुकले कोण?" लेकीने विचारलं. तिला हिशेब लगेच कळला होता.

अण्णांनी पुढे केलेला हात मागे घेतला. बशीतलं सगळ्यात अखंड बिस्किट निवडून त्यांनी सरांच्या पानावर ठेवलं. थोडा वेळ आम्ही सगळे त्या बिस्किटाकडे बघत बसलो. चहा निवत होता.

मग अण्णा म्हणाले, "बघू या कोण खातंय ते. लिहा रे सगळे."

लेकीने कॅलेंडरचं पान फाडून आणलं.